शेवटून दुसरे, मग पहिले

(नेरूळ येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल जरा बाजूला ठेवा. आज आम्ही एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे. तीत आकडे थोडे जास्त आहेत, पण तुम्हाला आता शंभरपर्यंत आकडे येतात, बेरीज येते, तीनचा पाढा येतो. तेवढं या गोष्टीला पुरतं.

सुरुवात आपल्या नेरूळपासूनच करू. महामार्गाच्या कडेला डी. वाय. पाटील मैदान आहे, ते तुम्ही रोज पाहता. २००८ साली ते सुरू झालं. त्याआधी या पट्ट्यात शेतं कुठं होती, मिठागरं कुठं होती, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना आम्ही काय सांगावं! मैदानावर मोठा सामना असला की दिव्यांचा उजेड लांबून दिसतो आणि गलका घरात ऐकू येतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीचा गलका तुम्हाला आठवत असेल. आपल्या देशाच्या मुलींनी त्या रात्री दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला.

त्यानंतर वर्गात एका आजींनी आम्हाला विचारलं, "मास्तर, या पोरी आधी तीन सामने लागोपाठ हरल्या म्हणतात. मग शेवटी पहिल्या कशा आल्या?"

प्रश्न चोख आहे. त्या मुली दक्षिण आफ्रिकेशी, ऑस्ट्रेलियाशी आणि इंग्लंडशी हरल्या, हे खरं. पण पहिल्या चारांत त्यांना जागा मिळाली. पुढं दोनच सामने उरले, उपांत्य आणि अंतिम. ते दोन्ही इथंच नेरूळला झाले आणि दोन्ही त्यांनी जिंकले. अशा स्पर्धेत शेवटचे दोन दिवस आपले असले की चषक आपला.

पण सगळ्याच स्पर्धा अशा नसतात. दुसऱ्या एका प्रकारात शेवटी बाजी मारून भागत नाही. तिथं पहिल्या दिवसापासूनची मजुरी मोजली जाते. तिला साखळी स्पर्धा म्हणतात, इंग्रजीत लीग म्हणतात. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या गावात. जिंकला तर तीन गुण. बरोबरी झाली तर दोघांनाही एकेक गुण. हरला तर शून्य. चार-पाच महिने असं चालतं. मग बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी, तो पहिला. अंतिम सामना नाही, काही नाही. मुकादमाच्या वहीसारखा हिशेब.

आणि या हिशेबाला आणखी एक टोक आहे. पहिला आला त्याला चषक मिळतो, पण जो तळाला जातो त्याला पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत जागा नसते. त्याला खालच्या वर्गात ढकलतात. खालच्या वर्गातला पहिला वर येतो. म्हणजे शाळेसारखंच, पण उलटं. शाळेत नापास झाला तर पोरगा त्याच वर्गात बसतो. इथं नापास झाला तर मागच्या वर्गात जातो.

आमची गोष्ट अशा एका ढकलल्या गेलेल्या संघाची आहे. संघाचं नाव ऐझॉल. खेळ फुटबॉलचा.

ऐझॉल हे मिझोराम राज्याचं मुख्य शहर. मिझोराम आपल्या देशाच्या पार पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून. सगळा मुलूख डोंगरांचा. शहरसुद्धा डोंगराच्या धारेवर वसलेलं, एका घराच्या छपराच्या पातळीवर दुसऱ्या घराचं अंगण. अख्ख्या मिझोरामची वस्ती किती? २०११ च्या शिरगणतीत ती सुमारे ११ लाख भरली. आपल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतली माणसं त्याच शिरगणतीत सव्वाअकरा लाखांच्या आसपास भरली होती. म्हणजे आपल्या एका शहराएवढं त्यांचं सगळं राज्य.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्या वर्गाच्या कामाची आहे. मे २०२५ मध्ये मिझोराम हे पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. प्रौढांच्या साक्षरतेच्या नव्या योजनेत हा मान मिळवणारं ते पहिलं राज्य. तिथंही असेच संध्याकाळचे वर्ग भरले असतील. असो.

मिझो पोरांना फुटबॉलचं वेड. सपाट जागा मिळणं कठीण, तरी खेळायचंच. २०१४ साली मिझोरामने राज्याराज्यांमधली संतोष ट्रॉफी जिंकली. ऐझॉलचा हा क्लब १९८४ सालचा. पुष्कळ वर्षं तो आपल्या डोंगरातच खेळत होता. मग २०१५ साली तो दुसऱ्या वर्गात पहिला आला आणि देशाच्या राष्ट्रीय लीगमध्ये शिरला. तिला आय-लीग म्हणत.

पहिलं वर्ष जड गेलं. २०१५-१६ च्या हंगामात नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला. शेवटून दुसरा.

आता तुम्ही म्हणाल, शेवटचा तर नव्हता, मग वाचला असेल. नाही वाचला. नववा, म्हणजे सगळ्यांत शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण तो नव्याने पैसे भरून थेट लीगमध्ये आलेला क्लब होता आणि अशा क्लबला पहिली काही वर्षं खाली ढकलायचं नाही, असा नियम होता. मग खाली कोणी जायचं? आठव्याने. जो खेळून वर आला होता तो गेला आणि जो थेट आला होता तो राहिला. नियम आधीच लिहिलेला होता, तेव्हा फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. पण आम्हाला हा नियम पटला नाही, आजही पटत नाही.

त्याच मे महिन्यात हा ऐझॉल दुसऱ्या एका स्पर्धेच्या, फेडरेशन कपच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर कोलकात्याचा मोहन बागान. मोहन बागानने पाच गोल केले. ऐझॉलने एकही नाही. लीगमधून बाहेर आणि वर पाच-शून्य. पावसाळ्याला तोंड लागलं तेव्हा त्या क्लबची ही स्थिती होती.

मग गोव्याकडे भांडण झालं. देशाच्या फुटबॉल महासंघाने लीगची नवी रचना सुचवली होती. ती गोव्याच्या जुन्या क्लबांना मान्य नव्हती. साळगावकर आणि स्पोर्टिंग हे दोन क्लब रागावून लीगमधून निघून गेले. खालच्या वर्गात पहिला आलेला धेंपोही आला नाही. जागा रिकाम्या पडल्या. महासंघाने ऐझॉलला परत बोलावलं.

हे आम्ही लपवत नाही. ऐझॉलचं परत येणं हे खेळून झालेलं नाही. पंगतीतून उठवलेल्याला, दुसरे रुसून गेले म्हणून पुन्हा पाटावर बसवावं, तसं ते झालं.

आता आपल्या मुंबईचा माणूस गोष्टीत येतो.

त्यांचं नाव खालिद जमील. जन्म कुवेतमधला, १९७७ चा, पण खेळले आणि वाढले ते मुंबईच्या फुटबॉलमध्ये. महिंद्र युनायटेडकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले. दुखापतींमुळे खेळणं लवकर सुटलं. मग २००९ पासून मुंबई एफसी या क्लबला त्यांनी खेळ शिकवला. सात वर्षं. मुंबई एफसी हा काही श्रीमंत क्लब नव्हता. तो चषकाच्या जवळ कधी गेला नाही, पण त्या सात वर्षांत खालीही गेला नाही. दरवर्षी कसाबसा तरून जायचा. लोक चेष्टेनं म्हणायचे, खालिदना फक्त बरोबरी करता येते. गोल खायचा नाही, चूक करायची नाही, एकेक गुण गोळा करायचा, असा त्यांचा खेळ. २०१६ मध्ये क्लबची आणि त्यांची वाट वेगळी झाली.

मुंबईत काम उरलं नाही, तेव्हा हा माणूस ऐझॉलला गेला. भाषा येत नाही, खाणं वेगळं, डोंगर चढून दम लागतो. बरोबर मुंबईचे काही खेळाडू नेले. जयेश राणे गेला. आशुतोष मेहता गेला. गोल राखायला गोव्याचा अल्बिनो गोम्स. परदेशातलेही काही होते. युद्धात होरपळणाऱ्या सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी सगळी मिझो पोरं. नावाजलेला खेळाडू एकही नाही. मोठ्या क्लबांनी ज्यांच्याकडे पाहिलं नव्हतं किंवा ज्यांना पाहून सोडून दिलं होतं, अशांचीच ही जमवाजमव.

जानेवारी २०१७ मध्ये लीग सुरू झाली. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. पहिलाच सामना कोलकात्यात ईस्ट बंगालशी. तो बरोबरीत सुटला. मोठ्या संघाकडून एक गुण काढून आणला, एवढंच लोकांना वाटलं. या लहान संघांचं असंच असतं, सुरुवातीला चार दिवस चमकतात.

पण चार दिवस झाले, महिना झाला, दोन महिने झाले, ऐझॉल खाली येईना. आपल्या डोंगरावर आलेल्याला सोडत नव्हता आणि बाहेर गेला तर रिकाम्या हाताने क्वचित परतत होता. मैदान त्यांचं शहराबाहेर मुआलपुईला, डोंगराच्या कुशीत. तिथली हवा, तिथला चढ आणि तिथले ओरडणारे लोक, हे सगळं पाहुण्याला जड जायचं. वर्तमानपत्रांतला तक्ता दर आठवड्याला बदलायचा, पण वरच्या ओळींत ऐझॉल असायचाच. आता त्यांना कोणी हसत नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हिशेब असा झाला. ऐझॉलचे गुण ३३. मोहन बागानचे गुण ३३. दोघांचे दोन-दोन सामने उरलेले. आणि त्यातला एक एकमेकांशीच, ऐझॉलच्या मैदानावर.

मोहन बागान म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगायला हवं. हा १८८९ सालचा क्लब. १९११ साली याच्या खेळाडूंनी गोऱ्या सोल्जरांच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकराजणांपैकी बहुतेक अनवाणी होते. तेव्हा सगळा देश हरखला होता. म्हणजे एके काळी मोहन बागान हाच लहान होता आणि समोरचा मोठा होता. शंभर वर्षांत तो स्वतः मोठा झाला. आणि वर्षभरापूर्वी ऐझॉलला पाच-शून्य हरवणारा हाच, हे विसरू नका.

२२ एप्रिल २०१७. मैदान माणसांनी भरून गेलं होतं. अर्धा खेळ झाला, गोल नाही. तासभर झाला, गोल नाही. बागानला बरोबरी चालण्यासारखी होती, कारण त्यांचा शेवटचा सामना त्यांच्याच गावात होता. ऐझॉलला जिंकल्याशिवाय बरं दिसत नव्हतं. ८३ वं मिनिट लागलं. सामना नव्वद मिनिटांचा असतो, म्हणजे सातच मिनिटं उरली. तेव्हा झोमिंगलियाना राल्टे या मिझो पोराने उंच उडी मारून चेंडूला डोकं लावलं. चेंडू जाळ्यात. हा राल्टे काही गोल करणारा गडी नव्हे. त्याचं काम मागं उभं राहून समोरच्यांना अडवायचं. पण त्या दिवशी तोच पुढं होता.

एक-शून्य. ऐझॉल ३६, मोहन बागान ३३.

आता बोटांवर मोजा. दोघांचा एकेक सामना उरला. बागान जिंकला तर ३३ आणि ३, किती? ३६. ऐझॉल हरला तर ३६ वरच राहणार. म्हणजे बरोबरी, आणि मग कोण पुढं याची वेगळी मोजदाद. पण ऐझॉलने एक गुण जरी मिळवला तरी ३७. मग बागानने काहीही करो. एक गुण हवा होता. सात वर्षं मुंबईत ज्या माणसाने एकेक गुणाची राखण केली, त्यालाच आता एक गुण हवा होता.

३० एप्रिल, रविवार. ऐझॉलचा सामना मेघालय राज्यात शिलाँगला, लाजोंग या क्लबशी. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध चेन्नई सिटी. दोन्ही सामने एकाच वेळी लावतात, म्हणजे एकाचा निकाल पाहून दुसऱ्याला हात राखून खेळता येऊ नये. मिझोरामहून माणसं गाड्या करून, डोंगरातला लांबचा रस्ता तुडवून शिलाँगला आली होती.

नवव्या मिनिटाला लाजोंगच्या डिपांडा डिकाने गोल केला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोल केले ते यानेच. शेवटच्या दिवशी, नवव्या मिनिटाला, ऐझॉल मागं.

यापुढचा एक तास कसा गेला असेल, ते आम्ही तुमच्यावरच सोडतो. चेंडू लाजोंगच्या गोलापाशी जायचा आणि परत यायचा. अल अमना, जयेश राणे, सगळे धावून धावून थकले. अर्धा वेळ संपला, दुसरा सुरू झाला, तरी शून्यच. तिकडे कोलकात्यात बागानने सामना दोन-एक असा जिंकला. म्हणजे तिकडून मदत येणार नव्हती. एक गुण होता तो इथूनच काढायचा होता.

६७ व्या मिनिटाला तो निघाला. विल्यम लालनुनफेला याने चेंडू जाळ्यात घातला. एक-एक.

तरी तेवीस मिनिटं उरली होती. त्या तेवीस मिनिटांत ऐझॉलने काय केलं? खालिद जमील यांच्या संघाला जे करता येतं म्हणून लोक हसायचे, तेच केलं. गोल खाल्ला नाही. शिट्टी वाजली आणि ऐझॉल भारताच्या लीगचा विजेता झाला. ईशान्येकडच्या राज्यांतला एकही क्लब त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी ऐझॉलला "भारताचं लेस्टर" म्हटलं. लेस्टर हा इंग्लंडमधला क्लब. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, तो असाच अचानक पहिला आला होता. तिकडे पैज लावणाऱ्यांनी हंगामाच्या सुरुवातीला त्याच्यावर एकाला पाच हजार असा भाव ठेवला होता, इतका तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तुलना वाईट नाही. पण आमचं म्हणणं असं, की लेस्टर खाली जाता जाता वाचला होता आणि ऐझॉल खरोखर खाली गेला होता. हा फरक लहान नाही.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण तुम्हाला अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही.

ज्या मुंबई एफसीला खालिद जमील यांनी सात वर्षं तरतं ठेवलं, तो क्लब त्याच हंगामात तक्त्यात सगळ्यांत शेवटी, दहावा आला. खाली ढकलला गेला आणि मग बंदच पडला. पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सनेही त्याच वर्षी लीग सोडली. महिंद्र युनायटेडने तर २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी २०१० साली तो क्लब बंद केला गेला. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचे क्लब असे मालकाच्या मर्जीवर जगतात आणि मरतात. मैदानं राहतात. त्याच २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना आपल्या नेरूळला खेळला गेला. मैदान जगाच्या नकाशावर आलं, पण त्या वर्षी मुंबईच्या एका क्लबचा दिवा विझला, हेही लक्षात ठेवायला हवं.

ऐझॉलच्या वाट्याला वेगळंच दुःख आलं. २०१४ पासून देशात दुसरी एक मोठी लीग सुरू झाली होती, इंडियन सुपर लीग. पैसा तिकडे, दूरचित्रवाणी तिकडे. तिच्यात खेळून वर जाण्याची सोय तेव्हा नव्हती. जागा पैसे मोजून मिळायची. ऐझॉलने म्हटलं, आम्ही देशात पहिले आलो, आम्हाला त्यात घ्या. घेतलं नाही. पुढं २०१९ मध्ये ती दुसरी लीगच देशाची पहिल्या दर्जाची ठरली. आय-लीगचा विजेता तिच्यात जाऊ लागला तो २०२३ पासून, आणि ती संधी प्रथम पंजाबच्या क्लबला मिळाली. ऐझॉलला सहा वर्षं आधी पहिलं येण्याचं काय मिळालं? चषक मिळाला. जानेवारी २०१८ मध्ये आशियाच्या मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत जायला मिळालं. तिथं इराणच्या झोब आहन या तगड्या क्लबने त्यांना तीन-एक असं हरवलं. एक गोल का होईना, केला होता.

आणि खालिद जमील? ते ईस्ट बंगालला गेले, मग गुवाहाटीच्या क्लबला, पुढं जमशेदपूरला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. तेरा वर्षांनी ही जागा भारतीय माणसाला मिळाली. सुरुवात चांगली झाली, महिन्याभरात एका परदेशी स्पर्धेत ओमानला हरवून संघ तिसरा आला. पुढं ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरशी हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. खेळाचं असं आहे.

आता आजी, तुमच्या प्रश्नाकडे वळतो. ऐझॉलसुद्धा त्या वर्षी तीन सामने हरला होता, बरं का! अठरा सामन्यांत ११ जिंकले, ४ बरोबरीत सुटले, ३ हरले. मोहन बागान तर दोनच हरला. त्यांनी १० जिंकले, ६ बरोबरीत सोडवले. कमी हरूनही बागान दुसरा आला. हे कसं?

फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आहेत. वर ऐझॉल, खाली मोहन बागान. जिंकलेल्या सामन्यांना तीनने गुणा. त्यात बरोबरीचे सामने मिळवा. हरलेल्यांपुढं शून्य मांडा. वरच्या ओळीची बेरीज ३७ यायला हवी आणि खालच्या ओळीची ३६. ज्यांची वेगळी आली त्यांनी हात वर करा, म्हणजे आम्ही पाटी पाहतो.